वीस माणसे आणि पाचशे माणसे: ‘स्टुडिओ वन’च्या संचातील ‘द स्ट्राइक’

‘स्ट्राइक’ हा शब्द कानावर पडला की मुंबईत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी गिरण्यांचा संप उभा राहतो. या नाटकाच्या नावात मात्र तो शब्द लष्करी अर्थाने आला आहे. नकाशावर ठरवून दिलेल्या जागेवर विमानांनी येऊन करायचा हल्ला, असा तो अर्थ आहे. नाटक कोरियातील युद्धावरचे आहे. ते ७ जून १९५४ रोजी, सोमवारी रात्री, न्यूयॉर्कहून सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ या मालिकेत थेट प्रक्षेपित झाले. कोरियातील शस्त्रसंधीवर पानमुन्जोम येथे सह्या झाल्या त्या २७ जुलै १९५३ रोजी, म्हणजे त्या रात्री शस्त्रसंधीला अकरा महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते. ज्या घरांत हे नाटक पाहिले गेले त्यांपैकी कित्येकांत कोरियाहून परतलेला किंवा परत न आलेला कोणी ना कोणी असणार, ही गोष्ट मनात ठेवूनच ते पाहायला बसावे, असे मला वाटते.

‘स्टुडिओ वन’मधील निवडक सतरा नाटकांचा, सहा डीव्हीडींचा एक संच २००८ साली अमेरिकेत निघाला, त्यात हे नाटक आहे. माझ्या मामेबहिणीने तो न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी आणला. खरे तर मी तो मागवला होता ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’साठी. बारा पंचांची ती गोष्ट आपल्याकडे हिंदीत आणि रंगभूमीवरही पोहोचलेली आहे, पण ती मुळात याच मालिकेसाठी, टीव्हीचे नाटक म्हणून लिहिली गेली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिचे पहिले प्रक्षेपण २० सप्टेंबर १९५४ चे. ते पाहून झाल्यावर, त्याचेच दिग्दर्शक फ्रँकलिन शॅफ्नर यांनी त्याआधी साडेतीन महिने काय केले होते, या कुतूहलापोटी मी ‘द स्ट्राइक’ लावले. त्यानंतर गेल्या दोन महिन्यांत ते चार वेळा पाहिले आहे आणि आता हा संच मी याच नाटकासाठी जपून ठेवला आहे.

कथा दोन वाक्यांत सांगता येते. कोरियात शत्रूच्या रेट्यात सापडलेल्या एका पलटणीचे उरलेसुरले पाचशे लोक मेजर गेलॉर्ड यांच्या हाताखाली आहेत आणि त्यांना वाचवायचे तर शत्रूच्या ठाण्यावर विमानांचा हल्ला मागवावा लागणार आहे. अडचण अशी की मेजरनी स्वतःच गस्तीवर पाठवलेली वीस जणांची तुकडी नेमकी त्याच भागात आहे आणि तिला वेळेत मागे घेता येत नाही. बाकीचे सगळे नाटक म्हणजे विमाने येईपर्यंतचा वेळ. मेजर काय ठरवतात ते मी येथे लिहिणार नाही. जो हे नाटक प्रथमच पाहील, त्याला तो वेळ मेजरबरोबरच काढता आला पाहिजे.

पाचशे आणि वीस यांचा हिशेब आपल्याला नवा नाही. ‘त्यजेदेकं कुलस्यार्थे, ग्रामस्यार्थे कुलं त्यजेत्’ हे वचन आपण शाळेत पाठ केले. ‘लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे’ हे तर आपण बाजीप्रभूंच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो. परंतु पावनखिंडीत जे थांबले, त्यांना आपण का थांबतो आहोत हे माहीत होते आणि ते मान्यही होते. बलिदान हा शब्द तेथे शोभतो. ‘द स्ट्राइक’मधल्या वीस जणांना कोणी विचारलेले नाही. त्यांच्या जिवाचा हिशेब दुसरा कोणी, उबेच्या आणि उजेडाच्या जागी उभा राहून, नकाशावर बोट ठेवून करणार आहे, आणि तो दुसरा माणूस निर्दय नाही, उलट त्याला त्यांतले चेहरे आठवत आहेत, ही या नाटकातली खरी यातना आहे. बेरीज-वजाबाकी बरोबर आली म्हणून हात स्वच्छ राहतात का, हा प्रश्न लेखकाने एका क्षणासाठीही सैल सोडलेला नाही. मेजरच्या भोवतीचे अधिकारी आपापल्या परीने त्याचे ओझे हलके करू पाहतात. कोणी नियम सांगतो, कोणी आकडा सांगतो. त्यातले एकही बोलणे खोटे नाही आणि एकही पुरेसे नाही.

लेखक आहेत रॉड सर्लिंग. पुढे गूढकथांच्या ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेमुळे त्यांचे नाव जगभर झाले, पण १९५४ च्या जूनमध्ये ते एकोणतीस वर्षांचे, फारसे नाव नसलेले लेखक होते. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये छत्रीधारी सैनिक होते आणि फिलिपाइन्समधल्या लेटे बेटावर लढले, जखमी झाले. त्यांच्या चरित्रातली एक घटना हे नाटक पाहताना माझ्या मनातून जात नाही. लेटेच्या डोंगरात उपासमार झालेल्या त्यांच्या तुकडीसाठी आपल्याच विमानांतून अन्नाची खोकी टाकली जात होती, आणि त्यांतले एक खोके अंगावर पडून त्यांचा मित्र त्यांच्या डोळ्यांदेखत ठार झाला. वाचवायला आलेल्या विमानाने आपल्या माणसाला मारावे, हे त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास पाहिले होते. ‘द स्ट्राइक’ त्याच प्रसंगातून जन्मले असा दावा मी करत नाही, परंतु ज्याने ते पाहिले आहे त्याच्याच हातून विमानांच्या येण्याची अशी धास्ती लिहिली जाऊ शकते, असे मला ठामपणे वाटते.

आता त्या रात्रीच्या आसपास जगात काय चालले होते तेही पाहावे. आदल्याच दिवशी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईला दहा वर्षे पुरी झाली होती. बरोबर एक महिन्यापूर्वी, ७ मे १९५४ रोजी, व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे वेढ्यात सापडलेल्या फ्रेंच फौजेने शरणागती पत्करली होती. जिनिव्हात कोरियाच्या भवितव्यावर परिषद चालूच होती आणि ती आठवडाभरात निष्फळ ठरून संपणार होती. खुद्द अमेरिकेत, सरकारात आणि फौजेत कम्युनिस्ट शिरल्याचे आरोप करणारे सेनेटर मॅकार्थी आणि अमेरिकी लष्कर यांच्यातील झगड्याची सुनावणी दिवसभर टीव्हीवर दाखवली जात होती आणि लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी मॅकार्थींना ‘तुम्हांला सभ्यतेची काही चाड उरली आहे की नाही’ अशा अर्थाचा तो प्रसिद्ध प्रश्न विचारला तो या नाटकानंतर दोनच दिवसांनी, ९ जूनला. म्हणजे दिवसा त्याच पडद्यावर सेनाधिकाऱ्यांच्या निष्ठेची उलटतपासणी आणि सोमवारी रात्री दहा वाजता त्याच पडद्यावर एका सेनाधिकाऱ्याच्या सदसद्विवेकाची. नाटकात राजकारणाचा शब्द नाही. कोरियात जावे की जाऊ नये, हा प्रश्न ते विचारत नाही आणि यावरून कोणी त्याला सावध, भित्रे म्हणू शकेल. मला ते तसे वाटत नाही. अधिकाराच्या जागी बसलेल्या गणवेशधारी माणसाला संशयाने कासावीस झालेला दाखवणे, हेच त्या दिवसांत धाडसाचे होते.

मेजर गेलॉर्डच्या भूमिकेत जेम्स डेली आहेत. या नटाचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही, पण टाइन डेली आणि टिम डेली या पुढच्या पिढीतल्या नटांचे ते वडील, आणि मूळचे रंगभूमीचे. रंगभूमीच्या नटाला टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे केले की तो शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवू लागतो, असा अनुभव जुन्या चित्रफिती पाहणाऱ्यांना नेहमी येतो. डेली यांनी ते जवळजवळ पूर्णपणे टाळले आहे. त्यांचा मेजर हुकूम देताना मोठ्याने बोलतो आणि विचार करताना त्याचा आवाज इतका खाली जातो की ऐकणारा आपोआप पुढे झुकतो. शॅफ्नर यांचा कॅमेरा अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. रंगमंचावर ही सोय नाही आणि सिनेमात इतका वेळ एका चेहऱ्यावर कोणी थांबत नाही. त्या काळच्या टीव्ही नाटकाने स्वतःची म्हणून जी एक गोष्ट शोधून काढली ती हीच होती, की लहानशा पडद्यावर माणसाचा चेहरा हेच नेपथ्य होऊ शकते. युद्धाच्या नाटकाला तोफा आणि रणगाडे लागतात असे मानणाऱ्याने हे एकदा पाहावे. येथे बिनतारी संच, नकाशा आणि काही थकलेली माणसे एवढ्यावर लढाई उभी राहते.

आपल्याकडे एकांकिका स्पर्धांची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही बांधणी लगेच ओळखीची वाटेल. बंद जागा, मोजका अवधी, बाहेर काहीतरी भयंकर, आत निर्णय. फरक असा की येथे मध्यंतर जाहिरातींचे आहे आणि त्याबद्दल लिहायलाच हवे. मालिकेची प्रायोजक होती विजेची उपकरणे बनवणारी वेस्टिंगहाउस कंपनी, आणि तिच्या जाहिराती बेटी फर्नेस ही अभिनेत्री शेजारच्याच नेपथ्यात उभी राहून, तीही थेट, करत असे. फ्रिजचे दार उघडून आतले कप्पे दाखवणारी, नीटस कपड्यांतली, हसतमुख बाई हे त्या काळच्या अमेरिकी घराला इतके परिचित दृश्य होते की ती जवळजवळ घरातलीच झाली होती. फर्नेस यांच्या जागी एकदा उभ्या राहिलेल्या दुसऱ्या निवेदिकेच्या हातून फ्रिजचे दार ऐन प्रक्षेपणात उघडेनाच, ही आठवण टीव्हीच्या इतिहासात अजून सांगितली जाते. या संचातील नाटकांत त्या जाहिराती बऱ्याच ठिकाणी जशाच्या तशा ठेवल्या आहेत आणि संपादकांचा हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. वीस माणसे मरणाच्या तोंडी आणि पुढच्या क्षणी भरलेला फ्रिज, हा धक्का नाटककाराने योजलेला नव्हता, पण १९५४ चे युद्धनाट्य घराघरांत पोहोचले ते याच जोडीने. तो भाग कापला असता तर आपल्याला नाटक मिळाले असते, ती रात्र मिळाली नसती.

चित्राच्या दर्जाबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण पुष्कळ ग्राहक येथेच निराश होतात. चित्रफीत म्हणजे व्हिडिओ टेप १९५६ पर्यंत वापरात आलेली नव्हती. त्यामुळे थेट नाटक जपायचे तर एकच उपाय होता: स्टुडिओतल्या टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून पडद्यावर उमटणारे चित्र टिपायचे. याला किनेस्कोप म्हणत. टीव्हीचे चित्र सेकंदाला तीस वेळा आणि फिल्मचे चोवीस वेळा, या दोन गती जुळवण्यात चित्राची धार जाते. म्हणून या संचातली चित्रे कडांना थोडी फुगलेली, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा गमावलेली, उजळ वस्तूंभोवती अस्पष्ट वलय असलेली अशी आहेत. ‘द स्ट्राइक’चे चित्र या सगळ्यांत मध्यम प्रतीचे म्हणता येईल. चेहरे व्यवस्थित कळतात, अंधाऱ्या कोपऱ्यांत मात्र काही उलगडत नाही. ज्यांनी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतरची, १९७२ पासूनची काही वर्षे वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे मुंग्या-मुंग्यांचे चित्र पाहिले आहे, त्यांना याची सवय व्हायला पाच मिनिटे पुरतील. मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर मात्र हे पाहू नये. मी लॅपटॉपवर पाहिले तेव्हा ते सर्वांत बरे दिसले. मूळ चित्र लहान पडद्यासाठीच रचलेले होते, हे त्याचे कारण असावे.

आवाज चित्रापेक्षा बरा आहे, तरी कानाला लावायचे हेडफोन वापरावेत. संवाद जलद आहेत आणि सैनिकी बोलीतले आहेत. या संचातील इतर नाटकांतल्याप्रमाणे येथेही थेट प्रक्षेपणाच्या खुणा आहेत: कोठे एखादे वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढते, कोठे कॅमेरा जागा शोधत किंचित डळमळतो. मला या खुणा दोष वाटत नाहीत. ज्या नाटकाचा विषय परत न घेता येणारा हुकूम हा आहे, ते नाटक करणाऱ्यांनाही त्या रात्री एकही क्षण परत घेता येत नव्हता. चुकले तर चुकले, पुढे जायचे. नटांच्या अंगात शिरलेली ती घाई आणि ती सावधता पात्रांच्या घाईशी आणि सावधतेशी इतकी मिसळून जाते की तिसऱ्यांदा पाहतानाही मला त्यांत फरक करता आला नाही. पुढे याच काळातल्या गाजलेल्या टीव्ही नाटकांचे सिनेमे निघाले, मोठे नट आले, खर्च आला, पण ही एक गोष्ट सिनेमाला विकत घेता आली नाही.

नाटकाची उणीव माझ्या दृष्टीने एकच आहे आणि ती लहान नाही. कोरिया या नाटकात जवळजवळ नाही. ज्या भूमीवर तीन वर्षांत सोल हे शहर चार वेळा या हातातून त्या हातात गेले, जेथे सुमारे साडेछत्तीस हजार अमेरिकी सैनिकांबरोबर लाखो कोरियन माणसे, त्यांतही बहुसंख्य साधे नागरिक, मेली, तेथल्या कोणा माणसाच्या जिवाचा विचार मेजरच्या हिशेबात येत नाही. विमाने जेथे येणार आहेत तेथे शत्रू आहे आणि आपली वीस माणसे आहेत. तेथे कोणाचे गाव आहे का, हे कोणी विचारत नाही. १९५४ च्या अमेरिकी प्रेक्षकाला हे खटकले नसेल. आज आपण ते न खटकता पाहू शकत नाही आणि पाहूही नये. लेखकाच्या करुणेची व्याप्ती एवढीच होती, असे म्हणून मी ते सोडून देत नाही, कारण याच लेखकाने पुढे माणसाच्या पूर्वग्रहांवर फार कठोरपणे लिहिले. येथे मात्र त्यांची नजर तारेच्या कुंपणापर्यंत जाऊन थांबली आहे.

कोरियाच्या या युद्धाशी मराठी माणसाचा संबंध आहे आणि तो आपण बहुतेक विसरलो आहोत, म्हणून थोडे विषयांतराचे भय पत्करून लिहितो. शस्त्रसंधीनंतर ज्या युद्धकैद्यांनी मायदेशी परत जाण्यास नकार दिला अशा बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन कैद्यांच्या राखणीसाठी भारताने आपली फौज पाठवली, आणि तिचे सेनापती होते कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या छावणीत ओढून नेले तेव्हा गोळीबाराचा हुकूम देणे सर्वांत सोपे होते, पण थोरात मोजक्या सोबत्यांसह स्वतः आत गेले आणि खवळलेल्या जमावाशी बोलून त्यांनी ग्रेवाल यांची सुटका करवली. त्याआधी, युद्ध चालू असताना, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालील ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही भारतीय फौजेची वैद्यकीय तुकडी कोरियात जखमींची सेवा करत होती, आणि मार्च १९५१ मध्ये मुन्सान-नी येथे तिच्यातल्या काही जणांनी अमेरिकेच्या १८७ व्या छत्रीधारी पलटणीबरोबर विमानातून उड्या घेतल्या होत्या. ही १८७ वी पलटण दुसऱ्या महायुद्धात ११ व्या एअरबोर्न डिव्हिजनचा भाग होती, म्हणजे रॉड सर्लिंग ज्या डिव्हिजनमधून लढले तिचाच. हे कळल्यापासून नाटकातला जखमींचा साधा उल्लेखही मला दूरचा वाटेनासा झाला आहे.

तिसऱ्यांदा मी हे नाटक माझ्या काकांबरोबर पाहिले. ते साताऱ्याजवळच्या आमच्या गावचे, फौजेत सिग्नल्समध्ये होते आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचे इंग्रजी बेताचे आहे, म्हणून मी मधूनमधून अर्थ सांगत होतो, परंतु दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनीच मला हाताने थांबवले. पडद्यावर बिनतारी संचाशी बसलेला माणूस दिसला की ते त्याच्याकडेच पाहत, मेजरकडे नाही. नाटक संपल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “संचावर उत्तर येईना झालं म्हणजे माणसं गेलीच असं नसतं रे. बॅटरी बसते, एरियल तुटतं. पण ज्याच्या कानाला हेडफोन असतो ना, त्याला वाटतं की आपणच नीट ऐकत नाही आहोत.” १९७१ साली त्यांच्यावर अशी एक रात्र आली होती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. त्याहून अधिक त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. चौथ्यांदा नाटक पाहताना मी मेजरऐवजी त्या संचावरच्या माणसाकडे पाहत होतो, आणि त्या लहानशा भूमिकेत किती नेमके काम आहे हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मान किंचित वाकडी, डोळे कशावरही नाहीत, ओठ मिटलेले. दिग्दर्शकाने त्याला चौकटीच्या कडेला ठेवले आहे, आणि तो तेथून कोठेही जात नाही.

संचाविषयी थोडे व्यवहाराचे. सतरा नाटकांत ऑर्वेलच्या ‘१९८४’ चे १९५३ मधले रूपांतर आहे, ‘वदरिंग हाइट्स’ आहे, ‘ज्युलियस सीझर’ आहे, सर्लिंग यांचेच सेनेटच्या राजकारणावरचे ‘द अरीना’ आहे. सगळी सारख्या तोलाची नाहीत. रूपांतरे तासाभरात गुदमरली आहेत, आणि एखादे विनोदी नाटक आज अजिबात हसवत नाही. टीव्हीसाठी म्हणून नव्याने लिहिलेली नाटके मात्र बहुतेक सगळी पाहण्यासारखी आहेत. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा दुसरा अर्धा भाग कित्येक वर्षे हरवलेला होता आणि त्याची पूर्ण प्रत २००३ मध्ये सापडली, ती येथे आहे, हेही खरेदीला पुरेसे कारण ठरेल. सोबत एक छापील पुस्तिका मिळते आणि मालिकेत काम केलेल्या मंडळींच्या आठवणींचे ध्वनिचित्रमुद्रणही आहे.

बहिणीने आणण्यापूर्वी मी हाच संच एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला होता. खोक्यातली खुंटी तुटून दोन तबकड्या आत मोकळ्या फिरत होत्या आणि एकीवर ओरखडा इतका खोल होता की नेमके ‘द स्ट्राइक’ मध्येच अडत असे. तो संच परत घेतला गेला, पण महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर. म्हणून टपालाने मागवणाऱ्यांनी खोके हाती येताच सहाही तबकड्या एकदा शेवटपर्यंत लावून पाहाव्यात. संच अमेरिकेतला असल्याने चित्र एनटीएससी पद्धतीचे आहे, तेव्हा आपला प्लेअर अमेरिकी तबकड्या वाचतो का, याचीही आधी खात्री करून घ्यावी. संगणकावर मला काही अडचण आली नाही.

नाटक पाहताना ते मध्येच थांबवू नये, एवढी मात्र माझी आग्रहाची विनंती आहे. जाहिराती वगळल्या तर सगळा अवधी पन्नास मिनिटांच्या आसपासचा आहे. रात्री, दिवे मंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहावे आणि फ्रिजची जाहिरात आली तरी पुढे ढकलू नये. काकांना ते पुन्हा पाहायचे आहे म्हणून ती तबकडी सध्या गावाला गेली आहे, आणि या वेळी अर्थ सांगायला माझी गरज नाही, असे त्यांनी फोनवर कळवले आहे.